एका चासीवरची दोन पुस्तकं

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलं होतं. परत आलं म्हणजे नाकारलं असं नाही. मॅडमनी समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: "मग मोरेन का बंद पडलं?" त्या एका ओळीने माझी बावीस पानं आडवी झाली. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि ज्या दोन पुस्तकांच्या भरवशावर मी ती पानं लिहिली होती, त्या पुस्तकांबद्दलही.

तुमच्यापैकी बरेच जण 'पेट'ची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस चालू आहे. तुम्हाला सगळे सांगतात, 'भरपूर वाचा, टीकात्मक वाचा.' टीकात्मक वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मलाही कळलं ते चूक केल्यावरच. म्हणून ती चूक इथे सविस्तर मांडतोय.

थोडी पार्श्वभूमी. माझा विषय चाकण-तळेगाव पट्ट्यातले वाहन कारखाने. मंदी आली की कंपनी कोणता कारखाना चालू ठेवते, कोणता बंद करते, आणि तो निर्णय कशावर ठरतो, हा माझा प्रश्न. तुलनेसाठी मी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचं, म्हणजे जीएमचं उदाहरण घेतलं. त्याला कारणही आहे. जीएमने तळेगावचा कारखाना सुरू केला सप्टेंबर २००८ मध्ये, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ डिसेंबर २००८ ला, विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल गावी याच कंपनीच्या सर्वात जुन्या कारखान्यातून शेवटची टाहो बाहेर पडली. एकीकडे छोट्या गाड्यांचा कारखाना उघडतोय, दुसरीकडे अवाढव्य गाड्यांचा मिटतोय. तुलनेला याहून चांगली जोडी कुठे मिळणार, असं मला वाटलं होतं.

आधी प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते

गाडीचा 'प्लॅटफॉर्म' म्हणजे साधारणपणे वरून न दिसणारा भाग: चासी, पुढची-मागची सस्पेन्शन, इंजिन-गिअरबॉक्स बसवायच्या जागा, स्टिअरिंग, ब्रेकची मांडणी. एकाच प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या बॉड्या बसवून वेगवेगळ्या नावांनी गाड्या विकता येतात.

जीएमचा 'जीएमटी ८००' हा याचा अगदी पाठ्यपुस्तकी नमुना. १९९९ च्या मॉडेलवर्षापासून त्यावर शेवरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हे मोठे पिकअप ट्रक आले. एका वर्षाने त्याच पायावर टाहो, सबर्बन आणि युकॉन या मोठ्या एसयूव्ही आल्या, पाठोपाठ कॅडिलॅक एस्कलेड आणि ॲव्हलांच. म्हणजे शेतात गवताचे भारे वाहणारा ट्रक आणि हॉटेलच्या पोर्चमध्ये थांबणारी चामडी सीटांची एस्कलेड, दोघांच्या खाली एकाच घराण्याची, शिडीसारखी लोखंडी चासी.

'एकाच घराण्याची' असं मुद्दाम म्हणतोय. 'तीच' म्हटलं तर चुकेल. जीएमटी ८०० ची चासी तीन तुकड्यांत आखलेली होती. पुढचा तुकडा सामायिक, मधला आणि मागचा गाडीप्रमाणे बदलायचा. टाहोच्या दोन चाकांमधलं अंतर ११६ इंच, सबर्बनचं १३०. पिकअपला मागे ओझ्यासाठी पाट्यांची स्प्रिंग, तर टाहोला आरामासाठी कॉइल स्प्रिंग. पुढे जीएमटी ९०० आला, मग के२एक्सएक्स, मग टी१एक्सएक्स. या शेवटच्या पिढीत, २०२१ च्या मॉडेलपासून, एसयूव्हीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाली आणि पिकअप जुन्या सरळ ॲक्सलवरच राहिले. तरी कागदोपत्री प्लॅटफॉर्म एकच.

इथे पहिली पाटी लावून ठेवा: प्लॅटफॉर्म ही वजन करता येईल अशी वस्तू नाही. काय सामायिक ठेवायचं आणि काय वेगळं, याबद्दल कंपनीने घेतलेल्या निर्णयांचं ते नाव आहे. मी हे प्रकरण एकमध्ये व्यवस्थित लिहिलं होतं, आणि प्रकरण तीनमध्ये विसरलो.

पहिलं पुस्तक: गाडीच्या बाजूने

कीथ ब्रॅडशर हे न्यूयॉर्क टाइम्सचे डेट्रॉईटमधले प्रतिनिधी होते. त्यांचं 'हाय अँड माइटी' २००२ मध्ये आलं. विषय एसयूव्ही, आणि भूमिका उघड विरोधाची.

या पुस्तकाची खरी ताकद म्हणजे कायद्यापासून लोखंडापर्यंतची साखळी ते जोडून दाखवतं. १९७५ मध्ये अमेरिकेने इंधनबचतीचा कायदा केला. त्यात मोटारी वेगळ्या आणि 'हलके ट्रक' वेगळे. मोटारींना गॅलनमागे सरासरी २७.५ मैल गाठायचे, म्हणजे लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर. हलक्या ट्रकांना मात्र १९९६ ते २००४ या काळात फक्त २०.७ मैल, म्हणजे लिटरला नऊही नाही. त्यातही गाडीचं भारासह वजन ८,५०० पौंडांच्या वर गेलं, की त्या वेळी हा नियमच लागू नव्हता. सबर्बनचं जड रूप, ते '२५००' लिहिलेलं, या रेषेच्या जेमतेम वर बसायचं. भर म्हणून १९६४ पासून आयात पिकअपवर २५ टक्के जकात, त्यामुळे देशी पिकअपला बाहेरची स्पर्धा जवळपास नाही.

आता कंपनीच्या जागी बसून बघा. पिकअपची चासी तयार आहे, तिचा खर्च वसूल झालेला आहे. तिच्यावर बंद बॉडी, तीन रांगा आणि गालिचे टाकले की झाली आलिशान गाडी, आणि कायद्याच्या नजरेत ती अजून ट्रकच. गंमत म्हणजे १९८९ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने चार दरवाजांच्या आयात एसयूव्ही जकातीसाठी प्रवासी गाड्या ठरवल्या. म्हणजे बंदरावर मोटार आणि इंधनाच्या हिशोबात ट्रक. ब्रॅडशर वाचल्यावर कळतं की सामायिक प्लॅटफॉर्म फक्त अभियंत्यांच्या हुशारीतून आलेला नाही. कायद्यातल्या दोन खान्यांमध्ये जी फट होती, तिच्यात तो वाढला.

टकरीबद्दलचा भागही असाच पक्का. शिडीची चासी उंचावर असते. मोटारीच्या दाराखालची मजबूत पट्टी खाली असते. एसयूव्ही बाजूने येऊन धडकली, की तिची चासी त्या पट्टीच्या वरून थेट दारात घुसते. मालकाला सुरक्षित वाटणारी गाडी समोरच्याला धोकादायक का ठरते, हे इतकं साधं करून सांगणारं लेखन मी कमी वाचलंय.

मग बिनसतं कुठे? ग्राहकाच्या प्रकरणात. एसयूव्ही घेणारे लोक असुरक्षित, आत्मकेंद्री, शेजाऱ्याशी फारसं देणंघेणं नसलेले, असं चित्र ब्रॅडशर उभं करतात. आधार काय? वाहन कंपन्यांच्या बाजारसंशोधकांचीच मतं. इथे थांबायला हवं. कंपनीचा बाजारसंशोधक ग्राहकाचा अभ्यास करतो तो विक्रीसाठी. कोणती भीती चाळवली तर गाडी खपेल, हे त्याला शोधायचं असतं. त्याचं उत्तर म्हणजे त्या माणसाच्या स्वभावाचा पुरावा नाही. जाहिरातवाल्याने सासूबाईंना जसं रंगवलं, तसंच सासूबाईंचं मन असतं असं धरून आपण कुटुंबसंस्थेवर प्रबंध लिहिला, तर? ब्रॅडशरनी कंपन्यांच्या प्रत्येक दाव्याकडे संशयाने पाहिलं, पण ग्राहकांबद्दल त्याच कंपन्यांनी जे म्हटलं ते बरंचसं तसंच उचललं. स्वतःच्या बाजूने बोलणाऱ्या साधनाला उलट प्रश्न विचारायचा राहून जातो. ही चूक पुढे मीही केली, म्हणून ठळक सांगतोय.

आणि एक गोष्ट या पुस्तकात मागे राहते: गाडी बनवणारा माणूस. कारखाना येतो तो नफ्याचं यंत्र म्हणून. मिशिगनमधल्या वेन इथल्या फोर्डच्या कारखान्याचं वर्णन तसंच आहे. तिथे एफ-१५० पिकअपच्या पायावर एक्सपिडिशन आणि नॅव्हिगेटर बनत आणि अफाट पैसा मिळे. हा कारखाना लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

दुसरं पुस्तक: गावाच्या बाजूने

वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकार ॲमी गोल्डस्टीन यांचं 'जेन्सव्हिल' २०१७ चं. सुरुवातच त्या शेवटच्या काळ्या टाहोने होते. डिसेंबरातली बर्फाळ सकाळ, गाडी असेंब्ली लाइनच्या टोकाला येते, माणसं फोटो काढतायत, काही रडतायत. त्यानंतर साधारण पाच वर्षं लेखिका गावाबरोबर राहते.

जेन्सव्हिल म्हणजे साठ-बासष्ट हजार वस्तीचं, रॉक नदीकाठचं गाव. १९१९ मध्ये तिथे जीएमने ट्रॅक्टर बनवायला घेतले, १९२३ पासून शेवरोले मोटारी. आजोबा, वडील, मुलगा असे तिघंही त्याच दारातून आत गेलेले. कारखाना गेल्यावर त्याला सीटा पुरवणारा शेजारचा कारखानाही गेला. मग पुढच्या घरातलं कर्ज, शाळेतल्या मुलांसाठी शिक्षकांनी भरलेलं कपाट, पन्नाशीत पुन्हा कॉलेजात बसलेली माणसं. यातलं काहीही लेखिका ओरडून सांगत नाही. मला सर्वात अस्वस्थ केलं ते शेवटच्या परिशिष्टाने. बेकार झालेल्यांना 'नवं कौशल्य शिका' हा सल्ला सगळ्या पक्षांनी दिला होता. गोल्डस्टीननी अर्थतज्ज्ञांना बरोबर घेऊन आकडे तपासले, तेव्हा दिसलं की पुन्हा शिकायला गेलेल्यांची स्थिती न गेलेल्यांपेक्षा चांगली झाली नव्हती. वाचताना तुमच्या डोक्यात इथे लगेच निवडीचा प्रश्न यायला हवा: ज्यांना चटकन नोकरी मिळाली ते कॉलेजला गेलेच नसतील ना? तो प्रश्न धरूनही, 'शिकलं की निभावतं' ही सर्वांनी गृहीत धरलेली गोष्ट तपासून बघायचं धाडस पत्रकाराने केलं, हे आपण संशोधकांनी टिपून ठेवण्यासारखं आहे.

याच पुस्तकात 'जिप्सी' भेटतात. जेन्सव्हिलच्या काही कामगारांना इंडियानातल्या फोर्ट वेन इथे बदली मिळाली. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, एका बाजूने चार-साडेचार तास. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं, शुक्रवारी रात्री गाडी हाणत घरी, रविवारी परत. घर विकावं तर गावात गिऱ्हाईक नाही, आणि मुलांची शाळा, म्हातारे आईवडील तिथेच. साताऱ्याहून मुंबईला जाऊन शनिवार-रविवारी घर गाठणाऱ्या बापांची आठवण मला झाली, पण ती तुलना इथेच सोडतो. ती माझ्या मनाची आहे, पुराव्याची नाही.

पुस्तकाची उणीव काय? बंद पडणं हे इथे गोष्टीची सुरुवात म्हणून येतं. फोन वाजतो, बातमी येते, आणि तिथून पुढे सगळं उलगडतं. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं, मोठ्या गाड्यांची विक्री कोसळली, ३ जूनला जीएमने चार ट्रक कारखाने बंद करायची घोषणा केली, त्यात जेन्सव्हिल. हे सगळं आहे. पण टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्येही त्याच टाहो आणि सबर्बन बनत होत्या. तो कारखाना राहिला आणि हा गेला. का? हा प्रश्न पुस्तकाच्या केंद्राशी नाही. लेखिकेला विचारायचं होतं की गाव नंतर कसं जगतं, आणि त्याचं उत्तर तिने उत्तम दिलं. तिने जो प्रश्न घेतलाच नाही, त्याचं उत्तर तिच्याकडे मागणं अन्याय आहे. पण मला नेमकं तेच हवं होतं.

मी काय केलं

मी दोन्ही पुस्तकं जोडली. एक म्हणतं, सामायिक प्लॅटफॉर्ममुळे नफा. दुसरं म्हणतं, कारखाना गेल्यामुळे गाव उघड्यावर. मधली रिकामी जागा मी एका वाक्याने भरली: सामायिक प्लॅटफॉर्ममुळे कारखाने अदलाबदल करण्याजोगे होतात, म्हणून त्यातला एक बंद करणं कंपनीला सोपं जातं, आणि त्याच कारणाने कामगारही एका कारखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. जेन्सव्हिलची टाहो आर्लिंग्टनला गेली. जेन्सव्हिलचा माणूस फोर्ट वेनला गेला, जिथे त्याच घराण्याचे पिकअप बनत होते. किती नीट बसतंय बघा! मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बावीस पानं लिहून मॅडमकडे दिली.

आणि मग तो पेन्सिलीतला प्रश्न. ओहायोतलं मोरेन. जीएमचा तिथला कारखानाही त्याच दिवशी, २३ डिसेंबर २००८ ला बंद पडला. तिथे बनायची ट्रेलब्लेझर, मध्यम आकाराची एसयूव्ही, जीएमटी ३६० या वेगळ्या प्लॅटफॉर्मवर. तो मोठ्या पिकअपशी सामायिक नव्हता. माझ्या सिद्धांताप्रमाणे, ज्याचं काम दुसरीकडे हलवता येत नाही तो कारखाना बंद करणं कठीण असायला हवं होतं. पण तोही गेला.

मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मॅडम, मोरेन अपवाद आहे."

त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे उदाहरणं किती आहेत?"

"दोन."

"दोनातला एक अपवाद? अरे, मग नियम कोणाचा?"

आठवडाभर राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग कागदावर चार कारखाने लिहिले आणि प्रत्येकाच्या पुढे काय झालं ते मांडलं.

जेन्सव्हिल: प्लॅटफॉर्म टिकला, कारखाना गेला.

आर्लिंग्टन: प्लॅटफॉर्म टिकला, कारखानाही टिकला, आणि मोठ्या एसयूव्हींचं काम तिथे एकवटलं. मागे जाऊन पाहिलं तर १९९६ पर्यंत याच कारखान्यात कॅप्रिससारख्या मोठ्या सेडान बनत होत्या. त्या बंद करून जीएमने तिथे ट्रक आणले. म्हणजे आर्लिंग्टनचा प्लॅटफॉर्म एकदा मेला होता, तरी कारखाना जगला.

मोरेन: प्लॅटफॉर्मच संपला, कारखानाही त्याच्याबरोबर गेला.

आणि चौथा, ब्रॅडशरच्या पुस्तकातला नफ्याचा पुतळा, फोर्डचा वेनचा कारखाना. २००८ मध्येच फोर्डने ठरवलं की एक्सपिडिशन आणि नॅव्हिगेटर केंटकीतल्या ट्रक कारखान्यात हलवायच्या आणि वेनमध्ये छोटी गाडी आणायची. पैसे ओतून कारखाना बदलला आणि तिथून फोकस बाहेर पडू लागली. म्हणजे इथे मोठ्या गाडीचं काम गेलं, तरी कारखाना राहिला.

चार ओळी लिहिल्यावर दिसलं ते असं. प्लॅटफॉर्म टिकला तर कारखाना टिकतो, असं नाही. प्लॅटफॉर्म गेला तर कारखाना जातो, असंही नाही. चारही शक्यता प्रत्यक्षात घडलेल्या आहेत. मी ज्याला कारण म्हणत होतो, त्याने फार तर एवढंच ठरवलं की प्रत्येक ठिकाणी कंपनीपुढे कोणते पर्याय स्वस्त आहेत. जेन्सव्हिल बंद करणं स्वस्त होतं, कारण तेच काम आर्लिंग्टनमध्ये आधीपासून चालू होतं. मोरेन बंद करणं स्वस्त होतं, कारण त्या गाडीची पुढची पिढी तिथे येणारच नव्हती. एकच तारीख, एकच कंपनी, एकच मंदी, पण दोन वेगवेगळी मरणं. मी दोघांवर एकच दाखला लिहून मोकळा झालो होतो.

पर्याय स्वस्त असणं आणि तो निवडला जाणं यांच्यात पुन्हा अंतर आहेच. २००९ मध्ये जीएमला अमेरिकेत छोटी गाडी बनवायची होती, आणि जेन्सव्हिल त्या शर्यतीत होतं. मिळाली ती मिशिगनमधल्या ओरायनला. जेन्सव्हिल पुढची काही वर्षं 'स्टँडबाय' म्हणून कुलूपबंद राहिलं आणि २०१५ मध्ये कायमचं बंद झालं. म्हणजे ट्रकच्या कारखान्यात छोटी गाडी बनूच शकत नाही, ही सबब फोर्डच्या वेनने खोटी पाडली होती. लोखंडाने जेन्सव्हिलचं नशीब लिहून ठेवलेलं नव्हतं. ते कोणीतरी ठरवलं. मी मात्र 'प्लॅटफॉर्ममुळे' असा शब्द वापरून ठरवणाऱ्या माणसांना वाक्यातूनच बाहेर काढलं होतं.

दुसरा अर्धा भाग तर आणखी कच्चा होता. जेन्सव्हिलचा कामगार फोर्ट वेनला जाऊ शकला तो चासी एकाच घराण्याची होती म्हणून? मुळीच नाही. बदलीचा हक्क संघटनेच्या करारातून येतो. जेन्सव्हिलची संघटना वाहन कामगारांची यूएडब्ल्यू. मोरेनची संघटना वेगळी, आययूई-सीडब्ल्यूए, आणि तिचा करारही वेगळा. सारखं काम करता येणं आणि त्या कामावर हक्क असणं या दोन गोष्टी मी एक केल्या होत्या. असेंब्ली लाइनवर बोल्ट आवळणाऱ्या माणसाला बोल्ट कुठल्याही चासीवर आवळता येतो. त्याला आत घेणार कोण, हा प्रश्न कागदावर सुटतो.

या दोन पुस्तकांचं मग काय करायचं?

मी दोन्ही पुन्हा वाचली, आणि आता ती जास्त आवडली, कारण त्यांच्याकडून काय घ्यायचं ते कळलं.

ब्रॅडशरकडून घ्यायची ती पद्धत: तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टीमागचा नियम शोधणं. प्लॅटफॉर्म का आहे, याचं उत्तर त्यांनी कायद्याच्या कलमात शोधलं. त्यांच्याकडून घ्यायचा नाही तो ग्राहकाचा स्वभाव. आणि हेही लक्षात ठेवायचं की २००२ मध्ये लिहिणाऱ्याला २००८ दिसत नव्हतं. त्या पुस्तकात मोठी गाडी म्हणजे कंपनीची ताकद. सहा वर्षांत तीच ताकद ओझं झाली. पिकअप आणि एसयूव्ही एका पायावर असल्याने नफा एकत्र वाढला होता. पेट्रोल भडकल्यावर खपही एकत्रच कोसळला. सामायिक पायात धोकाही सामायिक असतो. या एका वाक्यावर मी अजून ठाम आहे, कारण चारही कारखाने त्याला धरून आहेत: त्या वर्षी चौघांच्याही दारात एकच संकट आलं. कोण वाचलं हे त्यानंतर ठरलं.

गोल्डस्टीनकडून घ्यायचा तो काळ. एक जागा धरून पाच वर्षं बघणं. आपल्याकडचे बरेचसे अभ्यास कारखाना बंद झाल्यावर सहा महिन्यांत मुलाखती घेऊन संपतात. त्या वेळी माणसांकडे अजून शिलकीतले पैसे असतात आणि आशाही असते. तिसऱ्या वर्षी काय होतं, ते बघायला कोणी जात नाही. त्यांच्याकडून घ्यायचं नाही ते बंदीचं कारण, कारण ते देण्याचा दावा त्यांनी केलेलाच नाही. तो मी त्यांच्या तोंडी घातला होता.

टीकात्मक वाचन म्हणजे पुस्तकात चुका काढणं, असं मला वाटायचं. आता मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन प्रश्न लिहितो. एक: या लेखकाने कोणता प्रश्न विचारलाय, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मागतोय का? दोन: लेखक कोणत्या साधनावर विनातपासणी विश्वास ठेवतोय? तीन: याच्या उदाहरणाशेजारी, त्याच दिवशी, त्याच परिस्थितीत, उलट किंवा वेगळं काय घडलं? तिसरा प्रश्न सर्वात त्रासदायक, कारण त्याचं उत्तर त्या पुस्तकात नसतं. ते शोधायला बाहेर जावं लागतं. मोरेन मला या दोन्ही पुस्तकांत सापडलं नसतं. त्यावर ज्युलिया रायकर्ट आणि स्टीव्हन बोगनार यांचा 'द लास्ट ट्रक' हा २००९ चा छोटा माहितीपट आहे. त्याच इमारतीत नंतर फुयाओ ही चिनी काच कंपनी आली, त्यावर त्यांचाच 'अमेरिकन फॅक्टरी' आहे. दोन्ही जरूर बघा, आणि वरचे तीन प्रश्न त्यांनाही विचारा.

प्रकरण तीन मी नव्याने लिहितोय. आता त्यात 'प्लॅटफॉर्ममुळे' हा शब्द एकदाही नाही. त्याऐवजी प्रत्येक कारखान्यासाठी विचारतोय: त्या वेळी पर्याय कोणते होते, त्यातला स्वस्त कोणता, निवड कोणी केली, आणि माणसांना दुसरीकडे जाण्याचा हक्क कोणत्या कागदाने दिला किंवा नाकारला. तळेगावसाठीही हेच चार प्रश्न. तिथलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. इमारत एक, मालक दुसरा, गाड्याही दुसऱ्या. कारखाना वाचला, असं म्हणायचं का? इमारतीच्या बाजूने बघितलं तर हो. तिथे बारा वर्षं काम केलेल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर आधी तो कागद बघावा लागेल.

बावीस पानांची आता एकोणतीस झालीत, आणि दावा पूर्वीपेक्षा लहान आहे. मॅडमनी यावेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त पुढच्या मंगळवारी बोलावलंय. काय होतं ते कळवतो.